माळणीचा डावा खांदा

भाची : नाही मावशी, कुठूनही बघ. पुतळ्याचा डावा खांदा खालीच आहे.

मावशी : अगं, दिवसभर झारी उचलते ती माळीण. खांदा उतरणारच.

भाची : पण झारी उजव्या हातात दिलीयस ना! ओझं एकीकडे आणि बाई वाकलीय दुसरीकडे.

मावशी : अगंबाई!

काका : चहा ठेवू का? की आधी तुमचं भांडून होऊ दे?

मावशी : चहा राहू द्या. इकडे या आणि खरं सांगा. ही वाकडी दिसते?

काका : मी आपला जन्मभर टपाल वाटलेला माणूस. तुझ्या कामाला वाकडं म्हणायची माझी काय टाप!

भाची : उद्या सकाळी ओतारी साचा घ्यायला येणार. एकदा धातूत उतरली की बागेत कायमची अशीच उभी राहील. शिवाय पायाशी तुझं नाव.

मावशी : घाबरवू नकोस गं. एवढी माती पुन्हा मळणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. हे माझं शेवटचं मोठं काम. हेच फसलं, तर सासूबाई बोलायच्या तेच खरं ठरेल.

भाची : काय बोलायच्या?

काका : एक ना धड, भाराभर चिंध्या! आधी कार्टूनची चित्रं. ती सोडून दगड फोडायला लागली. तेही सोडून सिनेमातले राक्षस. न्हाणीघरात राक्षसांची रबरी तोंडं वाळत असायची. आई आंघोळीला गेली की किंकाळी!

मावशी : एकदाच किंचाळल्या. मग त्याच तोंडांवर स्वतःचा टॉवेल वाळत घालायच्या. आणि सोडलं काहीच नाही हं मी. हात तेच होते, माल बदलला.

भाची : थांब, थांब. भिंतीवरचे हे फोटो बघ. हा तुझा राक्षस. कुठला खांदा खाली आहे?

मावशी : डावा.

भाची : कार्टूनमधलं अस्वल?

मावशी : डावाच की गं!

भाची : आणि ग्रंथालयापुढची ही दगडी बाई?

मावशी : देवा! म्हणजे जन्मभर मी एकच चूक करत आले?

भाची : पण ही आली कुठून?

काका : मला काय ठाऊक? मी हुकमाचा ताबेदार. ‘अहो, जरा दारापर्यंत चालून दाखवा.’ चाललो. ‘आता दमल्यासारखे चाला.’ चाललो. अस्वल मीच, राक्षसही मीच. या माळणीसाठीसुद्धा परवा रिकामी बादली घेऊन फेऱ्या मारल्यात.

भाची : काका, जरा तिच्या शेजारी उभे राहता?

(काका मातीच्या पुतळ्याशेजारी उभे राहतात. त्यांचाही डावा खांदा तसाच खाली.)

भाची : टपालाची पिशवी कुठल्या खांद्याला असायची तुमच्या?

काका : डाव्या. उजव्या हातानं पत्रं काढायला बरं पडतं.

मावशी : मी तर नुसती चाल बघत होते हो. खांद्याकडे कधी लक्षच गेलं नाही.

भाची : गेलं नाही कसं? दुसरा खांदा तुला कधी जमलाच नाही!

काका : म्हणजे माझ्यामुळे झालं होय हे! अगं, मग सरळ करून टाक. माझी खोड बागेत कशाला?

मावशी : नाही करायची सरळ. सरळ केली तर परकी वाटेल मला.

भाची : आणि उद्या ओतारी येईल त्याचं काय?

काका : मग झारी डाव्या हातात दे की तिच्या.

मावशी : काय म्हणालात?

काका : ओझं त्या बाजूला आलं की झालं. मला कुणी विचारलं का कधी, खांदा का उतरलाय म्हणून? पिशवी दिसायची ना लोकांना.

भाची : मावशी, दोन्ही हात नव्यानं घडवावे लागतील हं. संध्याकाळ होईल.

मावशी : होऊ दे. मला कधी हातांचा कंटाळा आलाय? तू चहा ठेव, मी माती भिजवते.

काका : आणि मी? उभं राहायचं असेल तर निदान आज तरी जरा ताठ राहतो.

मावशी : काही नको. आहात तसेच राहा.