माझ्या दादाचे वैरी

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय निर्माते आणि दिग्दर्शक, कलाकार संघाचे सभासद, रसिक बंधुभगिनींनो, आणि आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना तुम्ही सगळे प्रेमाने भिंतसाहेब म्हणता, सर्वांना माझा नमस्कार.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. जन्मभर शाळेत शिकवत आलेल्या बाईला पाच मिनिटं हजेरीलाही पुरत नाहीत, पण प्रयत्न करते.

मी कोण, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मी नटी नाही. सिनेमात येण्याआधी भिंतसाहेब ज्या पहिलवानाशी नऊ वर्षं लढले, त्याची मी धाकटी बहीण. सोमवारी भिंतसाहेब पुतण्याकडे कायमचे राहायला जाणार. त्याआधी मला त्यांची माफी मागायची आहे. काल त्यांनी फोनवर दटावलं, "मास्तरीणबाई, ते सोडून काहीही बोल." मी "बरं" म्हटलं. चक्क खोटं बोलले.

केस पिकलेल्या मंडळींना ती तिकीट लावून होणारी फ्रीस्टाइल कुस्ती आठवत असेल. माझा दादा देखणा, म्हणून तो नायक. हे भिंतीसारखे आडदांड, म्हणून खलनायक. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असायचं. पण त्या धंद्याचा एक कडक नियम होता. रिंगमधल्या वैऱ्यांनी बाहेर कधी एकत्र दिसायचं नाही. लोकांचा विश्वास उडाला तर खेळच संपला. मग हे दोन जिवलग मित्र भेटणार कुठे? तर आमच्या स्वयंपाकघरात. हे दर रविवारी मागच्या दाराने यायचे आणि आई म्हणायची, "काल माझ्या लेकाला आपटलंस आणि आज जेवायला बसतोस? लाज नाही वाटत?" हे म्हणायचे, "काकू, तो मला आपटायला विसरला, त्याला विचारा की!"

त्या कुस्तीच्या सवयी ह्यांच्या अंगात किती मुरल्या होत्या, ते दिग्दर्शकसाहेबांना ठाऊक आहे. खांदे जमिनीला टेकले की पंच तीन आकडे मोजतो. दोनला खांदा उचलला नाही तर हरलात. ह्यांच्या पहिल्याच सिनेमात ह्यांना मरायचं होतं. प्रेत निपचित पडलेलं, नायिका हुंदके देतेय, आणि कॅमेरा पुढे सरकवण्यासाठी सहायकाने मोजलं, "एक, दोन..." प्रेताने खांदा उचलला! असं सहा वेळा झालं, साहेब? सात? हो, सात. शेवटी नायिकाच हसून हसून मरायला टेकली.

आता जे सांगायला आले, ते सांगते.

अडतीस वर्षांपूर्वी आईने ह्यांना माझ्याविषयी विचारलं होतं आणि ह्यांनी हो म्हटलं होतं. मी दाराआड उभी होते, म्हणजे मला काही माहीत नव्हतं असं समजायचं. पुढच्याच शनिवारी ती कुस्ती झाली. दादाने दोरावरून उडी घ्यायची आणि ह्यांनी त्याला झेलायचं, असं ठरलं होतं. दादाची वेळ चुकली. तो मानेवर पडला. हे झडप घालून त्याच्यापाशी गेले, त्याचं डोकं दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरलं आणि पंच ओढत होता तरी सोडेनात. लोकांना वाटलं, पडलेल्या माणसाचा हा गळा दाबतोय. खुर्च्या आल्या, बाटल्या आल्या. हे जागचे हलले नाहीत.

मी पहिल्या रांगेत होते. मुलींनी आवाज चढवायचा नाही, हे कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मला बारा वर्षं शिकवलं होतं. त्या संध्याकाळी मी "खुनी!" म्हणून किंचाळले आणि हातातला थर्मास फेकला. मंडळी, ह्यांच्या भुवईवरच्या ज्या व्रणावर तुमच्या कॅमेरामननी इतका प्रकाश टाकला, तो माझा आहे.

चौथ्या दिवशी दादा बोलू लागला. म्हणाला, "चूक माझी. तो कानात सांगत होता, हलू नकोस, डॉक्टर येतोय." डॉक्टरही म्हणाले, डोकं कोणी असं धरून ठेवलं नसतं तर हा वाचला नसता. ज्या माणसाला मी रविवारोरविवार वाढत होते, त्याला मी ओळखलं नाही. बाकीच्यांना काय दोष द्यायचा?

मी धावत ह्यांच्या खोलीवर गेले. ह्यांनी मला बोलूच दिलं नाही. "थर्मास? कुणी फेकला कुणास ठाऊक, मी बघितलंच नाही," म्हणाले. आणि मग म्हणाले, "खरं कुणाला सांगू नका. त्याचा अंदाज चुकला हे कळलं, तर त्याच्या तालमीत शिकायला कोण येईल?" दादा पुढे काठी टेकत तालीम चालवत राहिला. पण ज्याने दादाची मान मोडली असं सगळे म्हणतात, तो आमच्या घरचा जावई कसा होणार? लग्नाचा विषय तिथेच राहिला.

मग हे सिनेमात गेले. मी एकही सिनेमा चुकवला नाही. दुपारचा खेळ, कडेची खुर्ची. हे कधी कुणाचे वडील, कधी हेडमास्तर. चष्मा पुसत घरात शिरायचे आणि हाक मारायचे, "अगं, ऐकलंस का?" आतून कुणीतरी नटी "आले" म्हणायची. अंधारात माझेही ओठ हलायचे. या वयात हे कबूल करायला लाज कसली?

दादा गेल्या वर्षी गेला. आता जपायला कुणाचं नाव उरलेलं नाही. म्हणून बोलले.

अध्यक्ष महोदय, घड्याळाकडे न बघितल्याबद्दल तुमचे आभार. संघाने मला बोलावलं, तुम्ही सर्वांनी इतक्या शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं.

भिंतसाहेब, तुम्ही मात्र काही पोटात घालू नका. अडतीस वर्षं तेच करत आलात. मी चुकले. मला क्षमा केलीत की नाही, ते एकदा तोंडाने सांगा. मी आता खाली उतरून, सगळ्यांच्या देखत, तुमच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसते आहे.