पिंजऱ्यातून नेलेल्या करड्या सशाबाबत

जबाब, दि. २४/०५/२०२४

मी, इंदिराबाई लोटन महाजन, वय ६३ वर्षे, व्यवसाय : जनावरांच्या दवाखान्यातील सेवानिवृत्त परिचर, रा. पिंप्राळा, जळगाव. समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझ्या घराला लागून प्रेमराज चिंधा सोनवणे यांचे घर असून तेथे ते व त्यांची पत्नी दिपमाला राहतात. दोन्ही गच्च्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. प्रेमराज यांचे मोबाईलचे दुकान आहे. ते मोबाईलवर व्हिडिओही टाकतात.

फेब्रुवारीत त्यांनी दोन ससे आणले, एक पांढरा व एक करडा. पिंजरा गच्चीवर पत्र्याखाली ठेवला. खायला खारी आणि शेव. मी सांगितले की, सशाला दिवसभर चघळायला वाळलेले गवत लागते, नाहीतर दात वाढतात व पोट बंद पडते. ते म्हणाले, "मावशी, आजकाल सगळं मोबाईलवर कळतं." हे मला मान्य आहे. त्यांनी तेथे वाचले असते तर आज हा जबाब लिहावा लागला नसता.

ते ससे कान धरून उचलत. मी सांगितले की, कान म्हणजे पिशवीचा बंद नाही. एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली आणि ससा आपल्या अंगाशी धरायचा. मागचे पाय लोंबकळले तर तो झटका देतो आणि त्या झटक्याने त्याचाच कणा मोडतो. त्यावर प्रेमराज म्हणाले, "तुम्ही तिथे शेण उचलायला होत्या, डॉक्टर नव्हत्या." हे खरे आहे. एकतीस वर्षे शेण उचलूनही मला एवढे कळले.

दि. १४/०४/२०२४ रोजी, रविवारी, त्यांच्याकडे पाहुणे आले होते. ससा एरवी आवाज करत नाही. त्या दिवशीचा आवाज मी माझ्या स्वयंपाकघरात ऐकला. मी गेले तेव्हा पांढरा ससा फरशीवर मागचे दोन्ही पाय ओढत होता. प्रेमराज म्हणाले, "हातातून निसटला. संध्याकाळपर्यंत चालेल." पाहुणे जेवायला बसले. मी व दिपमाला यांनी सशाला टॉवेलसकट खोक्यात ठेवून रिक्षाने डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी पाठ चाचपली व शेवटचे इंजेक्शन दिले. तोपर्यंत दिपमाला यांचा हात सशावर होता. प्रेमराज यांनी त्याच दिवशी पाहुण्यांसमोर ससा कान धरून उचलल्याचा व्हिडिओ टाकला. त्यातला शेवट कापलेला होता.

मे महिन्यात ऊन वाढल्यावर दिपमाला यांनी करड्या सशाला खाली स्वयंपाकघरात आणले होते. घरात केस होतात म्हणून प्रेमराज यांनी त्याला पुन्हा वर नेले व पिंजऱ्याला कुलूप लावले. चावी ते दुकानात घेऊन जात.

दि. २३/०५/२०२४ रोजी दुपारी सव्वा एकला मी वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे पलटायला गच्चीवर गेले. दिपमाला पिंजऱ्याजवळ बसलेल्या होत्या. त्या धुळ्याकडच्या असून घाबरल्या की अहिराणी बोलतात. म्हणाल्या, "मावशी, तो हाली नही ऱ्हायना." ससा तोंड उघडून आडवा पडला होता. पत्र्याखाली हात ठेववत नव्हता. मी त्यांना नवऱ्याला फोन लावायला सांगितले. प्रेमराज म्हणाले, गिऱ्हाईक आहे, पाणी शिंपड. मी भिंत ओलांडली व बत्त्याने कुलूप तोडले. दोन घाव लागले. सशाला माझ्या घरी खाली नेऊन कानांवर ओले फडके ठेवले. गार पाण्यात बुडवले नाही, कारण अशाने धक्का बसून ससा मरतो. पाच वाजता त्याने गवताची काडी खाल्ली.

सात वाजता प्रेमराज आले व म्हणाले, "माझी वस्तू परत द्या." मी म्हणाले, "वस्तू तुमच्या दुकानात असतात, तिकडे बघा." त्यावरून त्यांनी माझ्याविरुद्ध चोरीची तक्रार दिली.

आज पोलीस ठाण्यात प्रेमराज यांनी सांगितले की, म्हातारीने परस्पर कुलूप फोडले. तेव्हा दिपमाला बाकावरून उठून साहेबांसमोर म्हणाल्या, "बत्ता मीच दिधा मावशीले." त्यांना कोणी विचारले नव्हते. त्यावर प्रेमराज मला म्हणाले, "ठेवा तो ससा, एवढा पुळका असेल तर," व तक्रार मागे घेतो असे सांगितले. मी ते त्यांच्याकडून लिहून घेतले. दिपमाला त्यांच्या गाडीवर बसल्या नाहीत. त्या बाहेर माझ्यासाठी थांबल्या आहेत.

कुलूप तोडले व ससा नेला हे मला कबूल आहे.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. त्यात 'मुक्या प्राण्याची दया आल्याने' असे घातले होते, ते मी खोडायला लावले. मला दया आली नव्हती, राग आला होता. बाकी सर्व माझ्या सांगण्याबरहुकूम आहे, म्हणून सही करते.

(सही) इंदिराबाई लोटन महाजन