अंगणातला कार्बन

...आणि दाढ दुखतेय म्हटलं तरी बायकोच्या अभ्यासातून मला सुट्टी नाही हो! तुम्हाला सांगतो, धुळ्यात पाण्याच्या जळक्या मोटारींचं वाइंडिंग भरून देणारा माणूस मी, माझा काय संबंध? पण बायको मंदा बी.एस्सी.ला. मागच्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत आपटली, तेव्हा माझ्या वडिलांनी, आबांनी, बजावलं, "हाई आखरी खेप शे, पोरी. मंग पुस्तकं बंद!" आणि यंदा पेपर कधी? आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी! आखाजीला खानदेशातली लेक झोके घ्यायला माहेरी गेली नाही, असं कधी ऐकलंय?

साक्रीहून तिचा भाऊ अभिमन मुराळी म्हणून तिला न्यायला आला, आणि बघतो काय... मी दोन हात नि एक पाय मागे ताणून अंगणात उभा! "दाजी, काय व्हयनं?" आता काय सांगू त्याला? मी हिच्या रिॲक्शनमधला कार्बन!

मंदा म्हणते, "बरं झालं आलास! तू ब्रोमिन. ह्यांच्या छातीला हात लावून उभा राहा. मी नवा गट, मागून धक्का देणार, त्याच क्षणी तू सुटायचं, आणि ह्यांचे हातपाय, म्हणजे बाकीचे बंध, उलटून पुढे!" वाऱ्यात छत्री उलटते ना, तसं! त्या बिचाऱ्याचा डोळा एसटीवर, तर ही ओरडते, "आधी सुटू नकोस रे! तू आधी गेलास तर मी पुढूनही येईन, मागूनही येईन, मग निम्मे उलटे, निम्मे सुलटे... ती रिॲक्शनच वेगळी!" मग बसला धक्का. मी तोंडावर! ओट्यावरून आई, "हाई काय शे वं माय! बठ्ठी गल्ली देखी राह्यनी!" देखू दे. मी कार्बन!

पण अभिमन एकटाच परत गेला हो... हिनं दारातून हसत हात हलवला, आणि मोरीत जाऊन रडली. मला नाही बघवलं. मी अंगणातल्या निंबाला झोका बांधला. सासरी झोका! गल्ली हसली, हसू दे. ही पुस्तक घेऊन बसली, मी मागून हलके हलके झोका देत राहिलो. आबा आले, बघितलं, आणि आत गेले.

पेपराला मी कॉलेजच्या फाटकाशी उभा! ही हसतच बाहेर. "तोच प्रश्न आला! आकृतीसकट!"

"मग? काढलीस?"

"काढली की! डोळ्यांसमोर तुम्हीच उभे होतात. मिशा तेवढ्या सोडल्या."

पास झाली हो, चांगली पास झाली! आता बोला... नववीत शाळा सोडलेला माणूस मी, जन्मात एकदाच, हिच्या उत्तरपत्रिकेतून, विद्यापीठापर्यंत पोचलो, आणि तोही उलटा होऊन!