जर्मनीत मूल स्वस्त पडतं

बुरुल : म्हणजे शंभरातले चाळीस ते लोक कापून घेतात, आणि तू नारिनला येऊन आपल्या आईला सांगतोस की तिकडे राहणं फायद्याचं! हे गणित तुला ट्रकच्या कंपनीने शिकवलं का रे, कुबात?

कुबात : आपा, आधी पूर्ण ऐकून तर घे. कर, आजारपणाचा विमा, म्हातारपणाचं पेन्शन, सगळं धरून चाळीस. इथे कर दहाच, मान्य. पण दहा जाऊन उरतं काय? हे बघ, मी तक्ता केलाय. डावीकडे आपलं नारिन, उजवीकडे माझं जर्मनीतलं कासेल.

बुरुल : माझं म्हणालास. बरं.

कुबात : पाव, दूध, घरभाडं, वीज, हिवाळ्यात घर गरम ठेवायचा खर्च...

बुरुल : शेण कुठाय?

कुबात : काय?

बुरुल : शेण रे, वाळवलेलं. हिवाळाभर आपण काय जाळतो? तुझ्या तक्त्यात नुसता कोळसाच दिसतोय.

कुबात : शेण फुकट असतं, आपा.

बुरुल : मग जुलैत ये थापायला. फुकटच आहे. आणि मयतीच्या जेवणाला कापायचा घोडा?

कुबात : त्याला रकाना नाही केला.

बुरुल : म्हणून नारिन एवढं स्वस्त दिसतंय. या वर्षी तीन मयती झाल्या, पाच लग्नं झाली, आणि तुझ्या धाकट्या काकाचा नातू चालायला लागला त्याचं जेवण झालं. प्रत्येक ठिकाणी पाकीट न्या, नाहीतर मेंढी न्या. सरकार दहा घेतं, नातेवाईक तीस घेतात. सरकारला निदान वर चहा तरी पाजावा लागत नाही.

कुबात : तेच तर म्हणतोय मी! तिकडे नातेवाईक नाहीत.

बुरुल : केवढी ही सोय! मेलास तर रडायलाही कुणी यायचं नाही. तोही खर्च वाचला.

कुबात : तुझ्याशी बोलणं म्हणजे... बरं, हे ऐक. तिकडे मूल असेल तर सरकारच पैसे देतं. महिन्याला अडीचशे युरो. वर करही कमी होतो.

बुरुल : अस्सं. म्हणजे जर्मनीत मूल स्वस्त पडतं.

कुबात : तसंच काहीसं.

बुरुल : तुला मूल आहे?

कुबात : आपा...

बुरुल : सांग की. तक्त्यात काय लिहिलंयस?

कुबात : एक. आयकानिश, वय अकरा.

बुरुल : आयकानिश माझी मुलगी आहे. कागदावर मी तिची आई आणि तुझा गेलेला बाप तिचा बाप. तू तिचा थोरला भाऊ. बाइके म्हणून हाक मारते ती तुला.

कुबात : कागदाचं सोड. माझ्या बायकोच्या, जिपारच्या पोटची आहे ती. माझी आहे.

बुरुल : तुझी होती. चाळीस दिवसांची असताना तूच आणून माझ्या मांडीवर ठेवलीस. पहिलं मूल आजीआजोबांचं, असं तूच म्हणालास. मी मागायला आले नव्हते. मीही माझ्या आजीकडेच वाढले, म्हणून नाही म्हणवेना. तुझा बाप लगेच जाऊन आमच्या नावावर दाखला करून आला. खिडकीतली बाई आपल्याच नात्यातली, तिने माझं वयसुद्धा विचारलं नाही. येताना तो गल्लीभर मिठाई वाटत आला. बासष्टाव्या वर्षी बाप झालो म्हणून काय मिरवला होता!

कुबात : तोच घोळ झालाय ना. मी तिकडे अर्ज भरला, मुलगी म्हणून तिचं नाव घातलं. आमचा करसल्लागार दाखला बघून म्हणाला, ही तर तुमची बहीण आहे, बहिणीवर सवलत मिळत नाही. वर विचारतो, तुमच्या आईला साठाव्या वर्षी मूल झालं? त्या काय खातात?

बुरुल : सांगायचं होतंस, मेंढीची चरबी आणि टोमणे.

कुबात : म्हणून हा कागद आणलाय. बिश्केकच्या वकिलाने केलाय. तू सही केलीस की पुढचं कोर्टात तो बघेल.

बुरुल : वाच.

कुबात : चष्मा आहे ना तुझा.

बुरुल : आहे. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

कुबात : 'मी, खाली सही करणारी, असं लिहून देते की सदर मुलीची मी...'

बुरुल : थांबलास का? अक्षर लागत नाही?

कुबात : '...मी आई नाही.'

बुरुल : छान. अडीचशे युरो. ऐक आता, कराचं मलाही कळतं. माझ्या वेळी उलटं होतं. लग्न झालं की मूल होईपर्यंत पगारातून सहा टक्के कापायचे. मूल नाही म्हणून कर. लोकरीच्या केंद्रावर पगाराला रांग लागायची. माझ्या मागे वीस-पंचवीस बायका. आणि कॅशियर मोठ्याने वाचायचा, 'बुरुल, मूल नाही, इतके रूबल वजा.' नऊ वर्षं, दर महिन्याला. एकदासुद्धा त्या मेल्याने हळू वाचलं नाही.

कुबात : हे तू कधी बोलली नाहीस.

बुरुल : काय बोलायचं? तू झालास आणि पगार वाढला. शेजारणी म्हणाल्या, बुरुल, फायद्यात आलीस गं! पण मी तुला कधी सवलत म्हणून हाक मारली नाही.

कुबात : मीही तिला तसं म्हणत नाहीये गं.

बुरुल : मग काय म्हणतोयस? तासभर नुसतं पाव, दूध, भाडं, टक्के. चहावर साय धरली. मी एका वाक्याची वाट बघतेय, ते काही तुझ्या तोंडातून निघत नाही.

कुबात : कुठलं?

बुरुल : तेही मीच सांगू?

कुबात : (खिडकीकडे तोंड करून) दिलेलं मूल आपल्यात परत मागत नाहीत, आपा. काका लोक तोंडावर थुंकतील. पैशांसाठी आलाय म्हटलं तर नुसते हसतील.

बुरुल : म्हणजे लाज वाटण्यापेक्षा लोभी दिसणं बरं.

कुबात : सोपं वाटलं. वसंतात जिपारचं ऑपरेशन झालं. तुला अपेंडिक्सचं म्हणून सांगितलं होतं. ते नव्हतं. आता तिला पुन्हा मूल होणार नाही. पण खरं सांगू? त्याच्याही आधीपासून... दर वेळी इथून निघताना मुलगी फाटकात उभी राहून हात हलवते, 'बाइके, सांभाळून जा.' मग पुढे कझाकस्तानच्या हद्दीपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोलत नाही. मला माझी मुलगी हवी, आपा.

बुरुल : हां. टाकून दे तो चहा, दुसरा ओतते.

कुबात : तू देशील?

बुरुल : अडीचशेला दिली नसती. आण तो कागद. पेन कुठाय? अरे, मोठ्याने नको वाचू आता. सही कुठे करायची तेवढं दाखव.

आयकानिश : आपा, आमची आज शेवटची तासिका झालीच नाही... बाइके! तुम्ही कधी आलात?

बुरुल : बूट काढ आधी. बस इथे. तुझ्या बाइकेला काहीतरी सांगायचंय.

कुबात : आयकानिश, तिकडे कासेलला शाळा फुकट असते, आणि बसचा पाससुद्धा...

बुरुल : कुबात.

कुबात : आयकानिश, मी तुझा बाइके नाही.

आयकानिश : माहीत आहे.

कुबात : कोणी सांगितलं?

आयकानिश : कोणी नाही. जिपार-जेंगे फोनवर विचारायची ना, किती दात पडले, वरचा की खालचा, दुखला का. तेव्हा मी तिसरीत होते. माझ्या मैत्रिणीलाही जेंगे आहे. वहिन्या दात नाही मोजत.

बुरुल : आणि एवढी वर्षं मला बोलली नाहीस?

आयकानिश : तू तरी कुठे बोललीस?

कुबात : येशील आमच्याकडे?

आयकानिश : आपा काय म्हणते?

बुरुल : आपाने सही केली. तुझं तू सांग.

आयकानिश : आत्ताच सांगायचं?

कुबात : नाही, नाही. आधी एक उन्हाळा येऊन बघ. आपाही येईल बरोबर.

बुरुल : आपा कुठे जात नाही. आपाला शेण थापायचंय.

आयकानिश : जेंगे नाही आली?

कुबात : आलीय. दुकानामागे गाडीत बसलीय. आत यायचा धीर होत नाही तिला.

बुरुल : केव्हापासून?

कुबात : मी आलो तेव्हापासून.

बुरुल : या थंडीत! शाबास. बायकोला बर्फात ठेवून आईला दुधाचे भाव सांगत बसला. आयकानिश, ऊठ, तिला घेऊन ये. माझा कोट ने, तो जाड आहे. तिचे हात फार लवकर गार पडतात.

आयकानिश : आपा, काय म्हणून हाक मारू?

बुरुल : काच बंद असेल गं, हाक ऐकू जायची नाही. काचेवर नुसता हात ठेव.