पहिला पीस

माझ्या सॉफ्टवेअरचा व्हर्जन नंबर मी ठरवतो असं वाटत असेल, तर सातपूरच्या माझ्या मामांना भेटा. त्यांच्या वर्कशॉपमध्ये स्टॉकसाठी मी लिहिलेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर चालतं. चाचणीची ०.९ बीटा आवृत्ती त्यांनी तीन वर्षं निमूट वापरली. शेवटी मी १.० काढली आणि पेढे घेऊन गेलो. मामांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "ही नको."

"मामा, कच्ची ती होती. ही पक्की आहे."

"एक नंबर ना? म्हणजे पहिला पीस. तो मशीनचं सेटिंग बघण्यापुरता असतो, आम्ही पार्टीला देत नाही."

घरी येऊन मी फक्त नंबर बदलला आणि १.१ पाठवली.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन. "आता मस्त चालतंय. त्या पहिल्यात गडबड होतीच, मला वाटलंच होतं."