खिडकीतला लिंबाचा रस

समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या महाविद्यालयाच्या प्राचार्या अंकिता मॅडम, व्यासपीठावरचे संस्थेचे सन्माननीय पदाधिकारी, आजचे सत्कारमूर्ती गुरुशांत बिराजदार, सुंदरम्मावहिनी, माझे सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो,

गुरुशांत आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं परिचर होते, आज निवृत्त होत आहेत. ब्युरेट त्यांच्यासारखी स्वच्छ कुणी धुतली नाही, हे आधीचे वक्ते बोलले आणि ते खरंच आहे. मी विभागप्रमुख. माझ्याकडून आणखी गोड शब्दांची अपेक्षा असेल. पण आज मला गोड बोलवत नाही. मॅडम, पाच मिनिटं जास्त घेतो, सांभाळून घ्या.

आठ वर्षांपूर्वीचा एप्रिल. मंद्रूपच्या केराबाई आणि त्यांचा महिला बचत गट लिंबाचं सरबत करायचा. एका निवासी शाळेला ते मुलांसाठी हवं होतं. शाळेची अट एवढीच, की त्यात क जीवनसत्त्व आहे असा रिपोर्ट आणा. सरबताच्या रसाची बाटली माझ्याकडे आली. का नाही येणार? त्याच महिन्यात मला पीएच.डी. मिळाली होती, आणि विषयच होता क जीवनसत्त्वाची मोजणी! उजेड, ऊन आणि हवा लागली की ते कसं नासतं, यावर माझ्या प्रबंधात अख्खं एक प्रकरण आहे. चाळीस पानांचं.

चाचणी सोपी असते. रसात आम्ल घालायचं आणि ब्युरेटच्या मापाच्या काचनळीतून एक निळा रंग थेंब थेंब सोडायचा. जीवनसत्त्व असेपर्यंत प्रत्येक थेंबाचा रंग उडतो. ते संपलं की गुलाबी छटा टिकते. जितके थेंब जिरले तितकं जीवनसत्त्व. मात्र नासलेलं जीवनसत्त्व हा रंग ओळखत नाही, त्याला वेगळी रीत लागते. हेही त्या चाळीस पानांत आहे.

रस फ्लास्कमध्ये काढला, कापसाचा बोळा लावला आणि प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी माझा सत्कार होता. श्रीखंडाचे डबे आले, फ्रिजमध्ये जागा नव्हती. तो फ्लास्क मी माझ्या हातांनी उचलला आणि खिडकीत ठेवला. सोलापूरचा एप्रिल, पश्चिमेची खिडकी! हार-तुऱ्यांत पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी शाळेचा फोन आला, तेव्हा आठवण झाली.

मी ब्युरेट भरली. गुरुशांत शेजारी होते. म्हणाले, "सर, खिडकीतला रस हाय ह्यो. ताजी बाटली मागवू की."

मी काय म्हणालो? सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. म्हणालो, "तू काचा धू. केमिस्ट्री मी बघतो."

पाच-सहा थेंबांतच गुलाबी. शून्य पूर्णांक तीन मिलिलीटर. चाचणी तीनदा करायची असते. मी एकदा केली आणि तीन ओळींत तोच आकडा लिहिला. विद्यार्थ्यांनो, जर्नलमध्ये असं करताना पकडून मी तुमच्यातल्या कितीजणांना वर्गाबाहेर काढलंय! रिपोर्ट दिला: क जीवनसत्त्व नगण्य.

शाळेनं सरबत नाकारलं. गावात बोभाटा झाला, की बाया आंबट पावडर आणि इसेन्स कालवून पोरांना पाजत होत्या. गट फुटला. केराबाई रिपोर्ट घेऊन प्रयोगशाळेच्या दारात आल्या. "सायेब, लिंबं माज्या झाडाची हायत. मी सोता पिळलीत. मग तुमच्या कागदात ती कुटं गेली?"

मी म्हणालो, "बाई, शास्त्र खोटं बोलत नसतं."

पुढच्या सोमवारी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी होती. रविवारी गुरुशांत एसटीनं मंद्रूपला जाऊन ताजी बाटली घेऊन आले होते, आणि सकाळी सातला येऊन त्यांनी चाचणी केली होती. आठ पूर्णांक चार. आठ पूर्णांक सहा. आठ पूर्णांक पाच. मी त्या आकड्यांकडे बघत बसलो. खरं मोजलेलं असंच येतं, थोडं मागंपुढं. माझ्यासारखं तीनदा तंतोतंत येत नाही.

चिठ्ठी मी खणात टाकली. रिपोर्टवर सही झाली होती, नावापुढे नवंकोरं डॉक्टर लागलं होतं. या माणसानं पुन्हा विषय काढला नाही. रोज माझ्यासमोर चहा ठेवला, आणि तो चहा मी आठ वर्षं निर्लज्जासारखा प्यायलो.

गेल्या रविवारी मंद्रूपला गेलो. केराबाईंना सगळं सांगितलं, आजच्या समारंभाला या म्हणालो, सगळ्यांदेखत माफी मागतो म्हणालो. त्यांनी खाटेवर बसा म्हटलं नाही. म्हणाल्या, "तुमच्या हालमदी मला वळकतंय कोन? ज्यांनी नावं ठिवली ती मानसं हितं हायत. बोलायचं तर हितं येऊन बोला की."

बाईंचं बरोबर आहे. टाळ्या पडतील अशा जागी कबुली द्यायला मी निघालो होतो.

म्हणून मॅडम, तो रिपोर्ट चुकीचा होता असं पत्र आणि गुरुशांतची ती चिठ्ठी मी आपल्या हाती देतो आहे. कार्यवाही काय करायची ते आपण ठरवा, माझी तक्रार नसेल.

आणि गुरुशांत, एकतीस वर्षं मी तुम्हाला अरे-तुरे केलं. उद्यापासून तुम्हाला हुकूम सोडायचा मला अधिकार नाही. एक विनंती करतो. येत्या बाजारच्या दिवशी माझ्याबरोबर मंद्रूपला चला. ब्युरेटचा स्टँड मी उचलतो. भर बाजारात केराबाईंच्या लिंबांची चाचणी तुम्ही करा, आकडे तुम्ही सांगा. तीनही वेळा. मी शेजारी उभा राहून ते मोठ्यानं वाचीन, आणि मग माझा आकडा कसा आला तेही सांगेन.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल सर्वांचे आभार. सुंदरम्मावहिनी, आनंदाच्या दिवशी हे ऐकवलं, राग मानू नका. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर मोठ्या मनानं क्षमा करा. त्या रिपोर्टची क्षमा मात्र आपल्यापैकी कुणीही करू नका. ती करायची की नाही, ते मंद्रूपमध्ये ठरेल.