चांगला पाय

इंगविल : ...आणि मग क्लबच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शाब्बास, उद्याच्या मॅचला तू पहिल्या अकरांत! बाबा, ऐकतोयस ना? का नुसता कांदाच चिरतोयस?

टोर्लाइफ : ऐकतोय. किती आले?

इंगविल : चौऱ्याण्णव टक्के. नव्वदला पास. म्हणजे ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या जवळजवळ बरोबरीनं उडी मारतो.

टोर्लाइफ : टक्के राहू देत. चांगल्या पायानं किती लांब गेलीस?

इंगविल : आता ते कुठं लक्षात राहतं!

टोर्लाइफ : त्याच पायावर तू धक्क्यावरून बोटीत उडी मारायचीस. आईचा जीव जायचा.

इंगविल : बाबा, तू फेरीबोटीवर गाड्या लावतोस. डॉक्टर नाहीस.

टोर्लाइफ : नाही ना, म्हणून विचारतो. आखूड मारलीस उडी. चांगल्या पायानं. मुद्दाम.

इंगविल : टॅको गार होतायत.

टोर्लाइफ : इंगविल.

इंगविल : सगळ्याच करतात! चांगला पाय जरा आवरायचा, की दुखरा त्याच्या बरोबरीचा दिसतो. ड्रेसिंग रूममध्ये पोरी हे एकमेकींना हसत हसत शिकवतात.

टोर्लाइफ : आणि गुडघ्याला कोण शिकवणार?

इंगविल : नोव्हेंबरात करार संपतो माझा. वर्षभर मी राखीव खेळाडूंच्या बाकावरसुद्धा नव्हते. माझ्या जागी रोन्या गोल मारतेय. अजून थांबले, तर माझं नाव कोणाला आठवणार आहे?

टोर्लाइफ : माझं विसरले. मेलो नाही मी.

इंगविल : मेला नाहीस. पण टीव्हीवर मॅच लागली की बोटीचे दोर बघायला उठून जातोस.

टोर्लाइफ : तुझ्याच वयाचा होतो. प्लास्टर निघालं, सगळे म्हणाले, बरा झालास. मीही म्हणालो. बर्गनच्या मॅचमध्ये मला कुणी शिवलंसुद्धा नव्हतं. नुसता वळलो. गुडघ्याचा आवाज पार तिकडच्या गोलकीपरनं ऐकला.

इंगविल : पाठ आहे मला ते.

टोर्लाइफ : मग ऐक. उद्याचं मैदान खोट्या गवताचं. बूट अडकला की पाय तिथंच राहतो आणि माणूस पुढं जातं. मी डॉक्टरीणबाईंना कळवतो.

इंगविल : कळव. परत या घरात पाऊल टाकणार नाही मी.

टोर्लाइफ : असं बोलतात का?

इंगविल : कळवणारेस?

टोर्लाइफ : ...नाही. तुझा गुडघा, तुझा खेळ. चल, खाऊन घे.

इंगविल : भूकच मेली. निघते मी.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. इस्पितळातली खोली.)

इंगविल : कोण जिंकलं?

टोर्लाइफ : आपण. रोन्यानं मारला.

इंगविल : छान. मला कुणी शिवलं नव्हतं, बाबा.

टोर्लाइफ : बघितलं मी.

इंगविल : आवाज आला?

टोर्लाइफ : मी वर होतो, शेवटच्या रांगेत.

इंगविल : आला का?

टोर्लाइफ : हो.

इंगविल : सर्जन काय म्हणाले? गोड करून सांगू नकोस.

टोर्लाइफ : लिगामेंट पुन्हा तुटलं. आतली गादीही फाटलीय. चालशील, म्हणाले. हळूहळू पळशीलही. पोटापाण्यासाठी खेळायचं विचारलं, तर खिडकीबाहेर बघायला लागले.

इंगविल : बरं.

टोर्लाइफ : रडून घे गं.

इंगविल : तू रडतोयस तेवढं पुरे. नाक पूस आधी.

टोर्लाइफ : तू बजावलंस म्हणून गप्प बसलो. म्हटलं, पोर मोठी झाली. तिच्या आड येऊ नये.

इंगविल : बाबा, काल दार आपटून निघाले ना मी... खाली जिन्यात बसून होते. दिवा आपोआप विझला, तरी बसून होते. वाटत होतं, तू खाली येशील आणि म्हणशील, नाही खेळायचं.